गजाचा आवाज

त्या गृहस्थांनी बंदुकीचा ठासायचा गज नळीत सोडला आणि 'थप्प' असा आवाज आला. एवढंच झालं. रांगेत पुढेमागे उभ्या असलेल्यांपैकी कुणी मान वळवली नाही. खुद्द गृहस्थांनाही काही विशेष वाटलं नाही. नळीच्या तोंडाबाहेर राहिलेल्या गजाकडे त्यांनी एकवार पाहिलं, "गज दुसऱ्या बंदुकीचा दिसतोय, चालायचंच," म्हणाले, आणि तो ओढून घेऊन नळीखालच्या कड्यांत परत सरकवून दिला. राजनंदिनी मात्र पायाखालची फरशी किंचित खचावी तशी उभ्या जागी चमकली. गज याच बंदुकीचा होता. लहानपणी दर दसऱ्याला तो नळीत सोडायचं काम तिचं असे, आणि तेव्हा तळाशी लोखंडावर लोखंड आपटून 'टण्ण' असा आवाज निघे, देवळातल्या लहान घंटेसारखा, जरा रेंगाळणारा. गजाचं टोक नळीच्या तोंडाशी बरोबर येई; वरून तळहात फिरवला तर कळूही नये इतकं बरोबर. आज ते बाहेर राहिलं होतं. किती? तीन बोटं? चार? नीट पाहायला हवं होतं हे तिच्या लक्षात येईपर्यंत गज आपल्या जागी गेला होता. नळीच्या तळाशी काहीतरी होतं. बंदूक भरलेली होती.

पितृपंधरवडा चालू होता. लग्नं नाहीत म्हणून बिबवेवाडीतलं ते मंगल कार्यालय पोलिसांना रविवारपुरतं मिळालं होतं. शहराच्या कडेकडेने जी गावं एकेक करून शहरात आली, तिथे पिकाच्या राखणीसाठी कधीकाळी दिलेल्या बंदुका मागे उरल्या होत्या. परवाना ज्याच्या नावावर तो मेलेला, आणि राखायला पीकही नाही. वारसांनी हत्यार आणून जमा करावं, कुणावर खटला होणार नाही, असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्यामुळे सकाळपासून माणसं आपापल्या वडिलांच्या बंदुका वाकळेत, गव्हाच्या पोत्यात, एक जण तर क्रिकेटच्या किटबॅगेत घालून रांगेत उभी होती. व्यासपीठाच्या पडद्यावर कुठल्याशा जुन्या लग्नातली थर्मोकोलची 'चि. सौ. कां.' एवढीच अक्षरं शिल्लक होती, आणि त्यांच्या खाली टेबल मांडून एक हवालदार नावं विचारत होते. ज्या सतरंज्यांवर एरवी पंगती बसतात त्यांच्यावर जमा झालेल्या बंदुका ओळीने निजवल्या होत्या. ज्याची बंदूक जमा होई तो जाताना वळून त्या ओळीकडे बघे आणि आपली कुठली हे त्याला ओळखता येत नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसे.

आणि फाटकाच्या आत, कडुनिंबाखाली, हे गृहस्थ. नाव त्यांनी शरच्चंद्र एवढंच सांगितलं. खादीचा झब्बा, काखेत चामड्याची बॅग, बोलणं शांत आणि तिरकस. कुणाचंसं बाणेरच्या रस्त्यावर मराठमोळ्या जेवणाचं हॉटेल निघणार होतं, आणि त्याच्या भिंतींवर लावायला ते जुन्या वस्तू गोळा करत होते. "ढाली मिळतात हो, जुन्या बाजारात रोज नव्या तयार होतात," ते म्हणाले, "पण अशी ठासणीची खरी बंदूक मिळत नाही. आत गेली की संपली. वितळवतात आणि तिचे खिळे करतात. तुमच्या मालकांच्या बंदुकीचे खिळे व्हावेत असं आपल्याला वाटतं का, मावशी?" मावशी म्हणजे राजनंदिनीची आई, मथुराबाई. ती बंदूक जुन्या इरकली लुगड्यात गुंडाळून, नळीचं तोंड आकाशाकडे धरून उभी होती. "मी रोख देतो. आपण आत जाऊन एवढंच सांगायचं, घर बदललं त्या गडबडीत हरवली. आज दहा जणांनी तेच सांगितलंय. हवालदारसाहेबांना पाठ झालंय."

"पितृपंधरवड्यात खरेदी करू नये म्हणतात," राजनंदिनी काहीतरी बोलायचं म्हणून बोलली.

"नव्या वस्तूची करू नये. ही पितरांचीच आहे."

मथुराबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "तुमी ती उघडून बगनार का?"

"उघडायला ते काय घड्याळ आहे, मावशी? भिंतीवर टांगणार. खाली लोक थालीपीठ खातील."

"मग देऊ," मथुराबाई म्हणाल्या.

हे सगळं गज सोडण्याच्या आधीचं. तेव्हा राजनंदिनीला आईचं नवल वाटलं होतं, आणि थोडी लाजही. पैशाला आई कधी भाळली नव्हती. जमिनीचे पैसे आले तेव्हा गावात घराघरांतून जीपगाड्या उभ्या राहिल्या, पण आईने स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही. आणि इथे एका अनोळखी माणसाने बॅगेच्या पट्ट्याला नुसता हात लावला तर ही वडिलांची, आप्पांची बंदूक द्यायला निघाली. पण आता, त्या 'थप्प'नंतर, तो विचार मागे पडला आणि डोळ्यांपुढे ती भिंत आली. अजून न बांधलेल्या हॉटेलची, शेणाने सारवल्यासारखा रंग मुद्दाम दिलेली भिंत, तिच्यावर दोन खुंट्यांना टांगलेली बंदूक, खाली थालीपीठ खाणारी माणसं. तिच्याच कंपनीतली माणसं असतील. शुक्रवारी दुपारी सगळी टीम मिळून जाते तशी गेलेली. कुणीतरी म्हणेल, चालते का रे ही? कुणीतरी फोटोसाठी उतरवेल. नाही, ठिणगी पाडणारी टोपी चढवल्याशिवाय बार उडत नाही. पण इतकी जुनी दारू, कोरडी असेल, ओली असेल, ऊन लागलं तर काय, दिव्याची उष्णता लागली तर काय? पदार्थविज्ञानाची पदवी घेऊनही याचं उत्तर तिला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती या प्रश्नाचा आधार घेऊन दुसऱ्याच प्रश्नापासून लांब उभी होती. बंदूक भरली कुणी, हा प्रश्न नव्हता. आप्पांशिवाय कोण भरणार? आप्पांनी ती कशासाठी भरली, हा प्रश्न होता.

भैरू हे आप्पांचं नाव, गावच्या भैरवनाथावरून ठेवलेलं. गाव हिंजवडीच्या अलीकडचं. आता तिथे गाव आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. नाथाच्या यात्रेत पालखी बांधावरून वळली की पहिला बार काढायचा मान त्यांच्या घराचा. आप्पा त्या दिवशी धोतर नेसून, कपाळाला गुलाल लावून, अंगणात बंदूक भरत. आधी दारू. मग चिंध्यांचा बोळा, तो गजाने ठासायचा. यात्रेचा बार नुसत्या आवाजाचा, म्हणून तिथेच थांबायचं. रानडुकराला भरायची तर त्याच्यावर छर्रे आणि परत एक बोळा. नळी किती भरली हे गज बाहेर किती राहिला त्यावरून बोटांनी मोजायचं. "बाराला दोन बोटं, डुकराला चार," आप्पा म्हणत. ही सगळी माहिती तिला होती कारण ती परकरी पोर म्हणून जवळ बसू शके. आईला तेवढंही नव्हतं. बंदुकीला बाईचा हात लागला की बार फुसका जातो, असं घरात सगळे मानत. दसऱ्यालादेखील आई लांबूनच हळदकुंकू उडवी आणि स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून बघे. पुढे राजनंदिनी मोठी झाली आणि गज सोडायचं कामही तिच्याकडून गेलं. तिला आठवतं, त्या दसऱ्याला तो 'टण्ण' तिने आईशेजारी, उंबऱ्यावरून ऐकला.

दोन बोटं की चार? ती आठवू लागली. तो पितळी टोकाचा गज, गृहस्थांची मूठ, नळीचं तोंड. तीन दिसली होती. पण तिची तीन. आप्पांची बोटं नांगर धरलेली, तिच्या दीडपट तरी जाड. म्हणजे तिची तीन म्हणजे आप्पांची दोन. म्हणजे यात्रेचा बार, नुसती दारू, आनंदाची गोष्ट. पण तिने चार पाहिली असतील तर? तर आप्पांची जवळपास तीन, आणि तीन बोटांचं काय भरतात हे आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं. ज्या मापाने मोजायचं ते माप सहा वर्षांपूर्वी काविळीने खंगलं आणि वाकडच्या स्मशानात जळलं. ती कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पुराव्यानिशी शोधते. एकक हरवलेलं मोजमाप घेऊन कुणी तिच्यापुढे आलं असतं तर तिने ते वाचलंही नसतं.

रांग एका माणसाने पुढे सरकली. शरच्चंद्र थोडे बाजूला होऊन दुसऱ्या एका दुनळीकडे बघत होते. "विचार करा, मी इथेच आहे. कडुनिंबाची सावली फुकट आहे." फोन वाजला. भाऊ, ऋषी. तो मुरुमाच्या खाणीवर दोन जेसीबी चालवतो आणि बोलतो तेही त्या आवाजाच्या वरून.

"ताई, झालं का? बायर आहे म्हणाली आई. देऊन टाक ना, कॅश घे आणि निघ. पोलिसांच्या फंदात कशाला?"

"ऋषी, आप्पांनी शेवटचा बार कधी काढला रे?"

"काय?"

"बार. यात्रेत."

"मला काय माहीत? मी आठवीत असेन. जमिनीच्या मोजणीनंतर त्यांनी ती खालीच काढली नाही ना? डीजे लावतोय आपण तेव्हापासून. का गं?"

"काही नाही."

मोजणीनंतर खालीच काढली नाही. हे खरं होतं, आणि म्हणूनच गोंधळ वाढत होता. तिने नेहमीच्या सवयीने आधी दोन टोकं पक्की करायचं ठरवलं. निवडणूक आली की बंदूक चौकीत जमा करावी लागे. नव्याण्णवची निवडणूक झाल्यावर आप्पांनी ती परत आणली, आणि चौकीतले लोक रिकामी असल्याची खात्री केल्याशिवाय ठेवून घेत नाहीत. हे एक टोक. पुढची निवडणूक यायच्या आत आप्पा गेले, हे दुसरं. मधल्या काळात काय झालं? मोजणी झाली. आणि मोजणीच्या दिवशी ती रिकामी होती, याचा पुरावा अख्ख्या गावाने डोळ्यांनी पाहिला होता.

तो दिवस गावात गोष्टीसारखा सांगतात. संगणकवाल्यांसाठी दुसऱ्या टप्प्याची जमीन घ्यायची होती आणि सरकारी मोजणीदार दुर्बीण, तिची तिवई आणि लाल-पांढरा दांडा घेऊन बांधावर आले. आप्पा आदल्या दिवसापासून सांगत होते, मी बसणार बांधावर बंदूक घेऊन. कुणी तरी म्हणालं, भरून नेतोस का रिकामी? तर हसून म्हणाले, "रिकामीच की. भरलेली न्यायला मी काय येडा हाय?" आणि खरोखरच बसले, सकाळपासून, मांडीवर बंदूक आडवी टाकून, जणू कुणाच्या लग्नात वधूपित्याला बसवलंय. मोजणी त्यांना वळसा घालून चालू राहिली. दुपारी आई मोजणीवाल्यांनाच चहा घेऊन गेली, कारण घरच्या बांधावर आलेल्याला तसंच कसं पाठवायचं. राजनंदिनी तेव्हा बारावीत, आईच्या मागे बशा घेऊन. दांडा धरून उभा होता तो माणूस तरणा, नुकतंच लग्न झालेलं, नखांवरची हळद अजून गेली नव्हती. तो चेष्टेने म्हणाला, "काय पाटील, चालते का ही, का नुसती म्हातारी?" सगळे हसले. आप्पाही हसले. मग कोपरीच्या खिशातून एक टोपी काढून त्यांनी बंदुकीला चढवली, घोडा मागे ओढला, नळी त्या दांड्याकडे, म्हणजे त्या माणसाकडेच, धरली आणि चाप ओढला. 'फट्.' टोपी तेवढी फुटली. आणि त्याच क्षणी मागे आईच्या हातातलं चहाचं तबक खाली पडलं; कप फुटले, चहा ढेकळांवर सांडला. त्यावर तर जो हशा पिकला तो अजून गावात पिकतो. टोपीच्या आवाजाला बाई घाबरली. रिकाम्या बंदुकीचा भैरू आणि त्याची भित्री बायको. संध्याकाळी आप्पांनी बंदूक भिंतीवरच्या खुंटीला लावली. महिन्याभरात संमतीच्या कागदावर सही केली.

टोपी फुटली आणि बार उडाला नाही, म्हणजे नळी रिकामी होती. इथे शंकेला जागा नव्हती. म्हणजे भरली ती त्यानंतर. सही केल्यानंतरच्या चार वर्षांत, गावाने नाव पाडलेलं असताना, कुणालाही न सांगता. यात्रेसाठी? पण यात्रेचा मान त्यांनी आपणहून सोडला होता. डुकरासाठी? जमीनच नव्हती तर डुकरं कुठून? मग उरलं काय, हे तिला मनातल्या मनात नीट शब्दांत मांडता येईना. जे आप्पा तिला माहीत होते ते रिकाम्या बंदुकीचे होते. हसणारे, पडतं घेणारे, कंपनीच्या बसमधून तिला पहिल्या दिवशी जाताना बघून फाटकाच्या रखवालदाराला 'आमची मुलगी हाय आत' असं सांगणारे. मोजणीचा तो बांध होता तिथेच आता कंपनीचं फाटक आहे, आणि तो रखवालदार त्यांच्याच भावकीतला. त्या माणसाने रात्रीबेरात्री उठून, वाटेल तेव्हा हाताशी असावी म्हणून एक भरलेली बंदूक घरात ठेवली? कुणासाठी? त्या फाटकासाठी? की स्वतःसाठी, आणि मग ते जमलं नाही, आणि काविळीने तो प्रश्न सोडवून टाकला? ती दहा वर्षं ज्या खुंटीखाली जेवली, अभ्यास केला, झोपली, ती खुंटी एकाएकी तिला अनोळखी झाली. बंदूक गृहस्थांना दिली तर हे कधीच कळणार नाही. टेबलावर दिली तर पाच मिनिटांत कळेल, आणि एकदा कळल्यावर ते परत न कळलेलं करता येणार नाही. आप्पा कोण होते, हे एक हवालदार गरम पाण्याने धुऊन काढून तिला सांगणार.

"नंदे," आई म्हणाली. एवढ्या वेळात पहिल्यांदा. "त्यास्नी बोलीव की. देऊन टाकू."

"आई, ती भरलेली आहे."

मथुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. लुगड्याची घडी सुटली होती ती नळीभोवती नीट केली. उन्हात त्यांच्या ओठांना पापुद्रे आले होते. रविवार, त्यांचा उपास. मोजणीच्या वर्षापासून त्या दर रविवारी भैरवनाथाचा उपास धरत, पाण्याशिवाय काही घेत नसत. कशासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं. घरातल्या बाईचा उपास ही काही विचारायची गोष्ट नसते.

"आसंल," त्या म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"देऊन टाकू म्हनलं ना. तो मानूस उघडनार न्हाई."

"पण ती हॉटेलात टांगतील. खाली माणसं बसतील."

"इतकी वर्सं आपुन बसलोच की."

आईला माहीत होतं. म्हणजे आप्पांनी आईला सांगितलं होतं, म्हणजे ते जे काही होतं ते एवढं गंभीर होतं की सांगावं लागलं. आई पैशांसाठी नव्हती बोलत. ती झाकण शोधत होती, आणि या शहरात जिथे सगळंच खणून काढतात तिथे न उघडण्याचं वचन देणारा हा एकच माणूस तिला भेटला होता. राजनंदिनीला वाटलं, आईचं ऐकावं. मग पुन्हा ती भिंत, ती खुंटी, मोबाइल वर धरून हसणारी ओळखीची माणसं. आणि त्या माणसांच्या मागे, का कोण जाणे, पिवळ्या नखांनी दांडा धरून उभा असलेला तो माणूस. आपण हे माणसांच्या जिवासाठी करतोय की आपल्याला कळून घ्यायचंय म्हणून, हे तिला नक्की सांगता आलं नसतं. दोन्ही कारणं एकाच दिशेला ढकलत असली की कुठलं किती जोर लावतंय हे वेगळं काढता येत नाही. एवढ्यात पुढचा माणूस बाजूला झाला आणि टेबल आलं.

"हरवली का?" हवालदारांनी वर न बघता विचारलं.

"नाही. ही आहे. आणि भरलेली आहे."

आता त्यांनी वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग मथुराबाईंच्या हातातल्या नळीकडे. "भरलेली. आणि रांगेत दोन तास उभ्या. शिकलेल्या दिसता, ताई."

"आत्ताच कळलं."

"कळतं, कळतं. सगळ्यांना आत्ताच कळतं." पण त्यांनी बंदूक फार हळू, तान्ह्या मुलाला घेतात तशी घेतली, घोड्याखाली टोपी नाही ना ते बघितलं आणि दोघींना मागे यायची खूण केली.

कार्यालयाच्या मागे भांडी घासायची मोरी होती. तिथे पालथ्या घातलेल्या लग्नातल्या मोठ्या पातेल्यांच्या मध्ये त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली, चहावाल्याकडून किटलीभर गरम पाणी मागवून नळीत ओतलं आणि ते मुरेपर्यंत थांबले. शरच्चंद्र कोपऱ्यावर येऊन उभे राहिले होते. "मी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं," ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, आणि झब्ब्याला हात पुसले. मथुराबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, पदर दातात धरून. राजनंदिनी नळीच्या तोंडाकडे बघत होती. क्रम तिला पाठ होता. वरचा बोळा निघेल. त्याच्याखाली नुसती काळी दारू असेल तर यात्रा. छर्रे असतील तर ते दुसरं, ज्याला तिच्याकडे अजून शब्द नव्हता. हवालदारांनी टोकाला पीळ असलेला एक लांब गज आत घालून फिरवला आणि ओढला. बोळा निघाला, भिजलेला, काळा, पण कडेला हिरवा काठ दिसणारा. एका परातीत तो टाकून त्यांनी नळी उलटी केली. काळं पाणी आलं, चिखलासारखं, गंधकाचा वास मारणारं. नुसती दारू.

तिने श्वास सोडला. यात्रा. आप्पांनी एकट्याने, कुणाला न सांगता, नाथासाठी एक बार भरून ठेवला होता. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटत असतानाच हवालदार म्हणाले, "थांबा, अजून आहे." त्यांनी गज परत फिरवला. दुसरा बोळा. आणि त्याच्या मागून परातीत, एक, मग मूठभर, टणटणत छर्रे.

हवालदार वाकून बघत होते, आणि ती बघत होती, आणि काहीतरी जुळत नव्हतं. आधी दारू निघाली आणि मग छर्रे. म्हणजे छर्रे तळाशी. छर्रे आधी घातले, त्यांच्यावर बोळा, त्यावर दारू, त्यावर बोळा. टोपीची ठिणगी तळाशी पडते; तिथे शिसं. दारूपर्यंत ती पोचणारच नाही.

"उलटी भरलीय," हवालदार म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "हे मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. कुणी भरली हो, मावशी? नवख्याचं काम दिसतंय."

"मालकानं," मथुराबाई पदरामागून म्हणाल्या.

आप्पा तीस वर्षं ही बंदूक भरत होते. डोळे मिटून भरली असती. घरात नवखं कुणी नव्हतं. राजनंदिनीला क्रम पाठ होता, ऋषी तेव्हा लहान. आणि एक बाई होती, जिने दर यात्रेला, दर दसऱ्याला, हे सगळं उंबऱ्यावरून पाहिलं होतं. तिथून भरणाऱ्याची पाठ दिसते आणि पुढ्यातल्या दोन डब्यांपैकी हात कुठल्या डब्यात आधी गेला ते दिसत नाही. परातीतला बोळा उलगडत चालला होता. हिरव्या काठाचं लुगडं आईचं होतं. आणि मग तिचा पुरावा, तो भक्कम, अख्ख्या गावाने पाहिलेला पुरावा, आवाज न करता ढासळला. टोपी फुटली आणि बार उडाला नाही, म्हणजे रिकामी होती. असं नव्हतं. चाचणी पास झाली म्हणजे दोष नाही असं नसतं, हे ती रोज दुसऱ्यांना सांगते. मोजणीच्या दिवशी आप्पांनी रिकामी समजून मांडीवर घेतलेली बंदूक भरलेली होती, आणि त्या माणसाकडे रोखून त्यांनी चाप ओढला तेव्हा हे तिथे एका बाईला ठाऊक होतं, आणि तिच्या हातात चहाचं तबक होतं.

मथुराबाई पुढे आल्या. हवालदारांच्या जवळ जाऊन, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "म्हंजे ही उडली नसती?"

"नाही, मावशी. शंभर टोप्या फोडल्या असत्या तरी नाही."

"कुनी बार धरून ठिवला न्हाई तरी?"

"कोण धरणार?"

"देवानं."

हवालदारांना प्रश्न कळला नाही. "देवाचं काय काम, मावशी? आतली दारूच वर. पेटणार कशी?" ते म्हणाले, आणि नळी कोरडी करून त्यांनी तिच्यात गज सोडला. 'टण्ण.' मोरीच्या भिंतींत तो आवाज जरा घुमला. आता रिकामी झालीय तर अजूनही घेईन, असं शरच्चंद्र हळूच म्हणाले, आणि हवालदारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कडुनिंबाकडे परत गेले.

बाहेर आल्यावर दोघी फाटकापाशी थांबल्या. मथुराबाईंच्या हातात नुसतं इरकली लुगडं होतं आणि ते त्या अजून उभंच धरून होत्या, आत काही असल्यासारखं. राजनंदिनीला विचारायचं होतं, आणि काय विचारायचं ते कळत नव्हतं. आप्पांना ठाऊक होतं का? मग त्यांनी ती परत कधीच खाली का काढली नाही? आणि तू, तू ती कुणासाठी भरलीस? पण प्रश्न नळीतच राहिले. आईने लुगड्याची घडी घातली, ती काखेत धरली.

"लोक हसनार हुते मालकाला," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "रिकामी घिऊन बसनार म्हनून. मला वाटलं, निदान हातात असंल ती खरी असूंदे. तो चाप ओढंल आसं कुठं वाटलं हुतं." एक कंपनीची बस रिकामी गेली. "बाईचा हात लागला की फुसका जातो म्हनायचे. बराबर म्हनायचे."

कोपऱ्यावर एक वडापावची गाडी होती. कढईत वडे सोडल्याचा आवाज येत होता. मथुराबाई त्या दिशेने चालू लागल्या, आणि गाडीपाशी जाऊन थांबल्या.

"आई, आज रविवार आहे."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन बोटं वर करून गाडीवाल्याला दोन सांगितले, आणि पहिला हातात येताच, गरम होता तरी, तसाच खाऊ लागल्या.